परदेशी हात, सेगावची माती



आपल्या शाळाशाळांतून दरवर्षी चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा होतात. एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएट झाली, आणि एखाद्या पोराच्या हातात खरोखरच कला आहे असे गुरुजींच्या ध्यानात येते. ते पोर पुढे नागपूरला जाते, मुंबईला जाते, रचनाकलेचे शिक्षण घेते, आणि एके दिवशी घरी सांगते की, मी आता परदेशी जाऊन हेच काम करणार. आई गप्प बसते. बाप मात्र विचारतो, "बापू, तिथं तुला ओळखते कोण? तुझ्या चित्राले तिथं विचारते कोण?"

बापाचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. हिशेब लिहिणाऱ्याला आकडे सगळीकडे सारखे, यंत्र दुरुस्त करणाऱ्याला यंत्र सगळीकडे सारखे. पण रेषेवर, रंगावर, घराच्या आखणीवर ज्याला पोट भरायचे आहे, त्याचे काम लोकांच्या राहणीशी आणि आवडीनिवडीशी बांधलेले असते. परक्या मुलखात नेमकी तीच गोष्ट त्याला ठाऊक नसते. मग तिथे त्याने आपल्या जोगते काम शोधावे तरी कसे?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधायचे तर आपल्याला लंडन-पॅरिसपर्यंत जायचे कारण नाही. मी राहतो त्या बोरगाव मेघेपासून सकाळी सायकलने निघाले तर न्याहारीच्या आत पोहोचता येईल, अशा ठिकाणी त्याचे उत्तर मातीच्या भिंतीवर लिहून ठेवलेले आहे. ते ठिकाण म्हणजे सेवाग्रामची बापू कुटी. आपण तिला गांधीजींची झोपडी म्हणून ओळखतो, आणि ते बरोबरच आहे. पण ती झोपडी आखली आणि उभी केली ती एका इंग्रज बाईने. आपला देश सोडून, समुद्र ओलांडून आलेल्या बाईला आपल्या वर्धा जिल्ह्यात रचनेचे काम कसे सापडले, ती गोष्ट आज सांगायची आहे.

या बाईंचे मूळ नाव मॅडेलीन स्लेड. जन्म २२ नोव्हेंबर १८९२, इंग्लंडमध्ये. वडील ब्रिटिश आरमारातले मोठे अधिकारी. मॅडेलीनचे बरेचसे बालपण आजोळच्या शेतवाडीत झाडे, घोडे आणि मोकळी हवा यांच्यात गेले. वडील हिंदी महासागरातल्या आरमाराचे प्रमुख असताना मुलगी काही काळ मुंबईतही राहिली होती. पण त्या वेळी तिने पाहिला तो साहेबांच्या मेजवान्यांचा हिंदुस्थान. बाईंना वेड होते संगीताचे, आणि त्यातही बेथोवेन या जर्मन संगीतकाराचे. त्या वेडापायी त्या रोमाँ रोलाँ या फ्रेंच लेखकापर्यंत गेल्या. रोलाँनी १९२४ साली गांधीजींवर पुस्तक लिहिले. ते वाचल्यावर या बाईंनी ठरवले की, आपले आयुष्य या माणसाच्या कामी लावायचे.

ठरवल्याबरोबर त्या बोटीत बसल्या नाहीत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एक वर्षभर त्यांनी तयारी केली. सूतकताई शिकल्या, मांसाहार सोडला, जमिनीवर झोपायची सवय केली, भाषा शिकायला लागल्या. मग नोव्हेंबर १९२५ मध्ये साबरमतीला येऊन दाखल झाल्या. गांधीजींनी त्यांना मीरा हे नाव दिले, आणि पुढे सारा देश त्यांना मीराबेन म्हणू लागला.

आता काम. साबरमतीला त्यांना कुणी घरे आखायला सांगितले नव्हते. झाडू, संडास-सफाई, पिंजण, चरखा हेच काम होते. बाईंनी ते दहा वर्षे केले. त्यात तुरुंगवासही भोगला. म्हणजे परक्या देशात आल्यावर आपली हौस पुढे करण्याआधी त्यांनी तिथल्या माणसांचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो, तो पाहिला. कोण कुठे बसते, पाणी कुठून येते, स्वयंपाकाचा धूर कुठे जातो, आजारी माणूस कुठे निजतो, हे सगळे हाताने केलेल्या कामातून त्यांना कळले. घर आखणाऱ्याची खरी शाळा हीच असते.

१९३४ साली गांधीजी वर्ध्याला आले आणि मगनवाडीत राहू लागले. खेड्यांच्या कामाला आरंभ झाला. वर्ध्याला लागून सिंदी गाव आहे. (रेल्वेची सिंदी निराळी, ही आमच्या बोरगाव मेघेसारखीच शहराला चिकटलेली.) तिथे मीराबेन गावसफाईला जात. लोकांची साथ फारशी मिळेना. ज्या गावाची घाण आपण रोज उचलतो, त्या गावाला आपल्या येण्याचे काही सोयरसुतक नाही, हा अनुभव कडू असतो. परदेशी माणसाला तर दुप्पट कडू. तरी बाई मागे फिरल्या नाहीत. वर्ध्यापासून पाच मैलांवरच्या सेगावात त्या राहायला गेल्या.

सेगाव म्हणजे आजचे सेवाग्राम. त्या वेळी तिथे सहाशेच्या आसपास वस्ती, त्यात हरिजन बांधव पुष्कळ. ना धड रस्ता, ना टपाल. मालगुजारी जमनालालजी बजाजांची. पुढे गांधीजींची पत्रे बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊ लागली, तो घोळ मिटवण्यासाठी १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम केले, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना ठाऊकच आहे.

मार्च १९३६ मध्ये गांधीजींनी आपला सेगावात राहण्याचा विचार जमनालालजींना लिहून कळवला. झोपडीला होता होईल तो कमी खर्च यावा, आणि कोणत्याही परिस्थितीत शंभर रुपयांच्या वर जाऊ नये, असे त्यांनी त्यात म्हटले. ३० एप्रिल १९३६ रोजी ते पायी सेगावला आले. तोवर घर तयार नव्हते. पहिले घर, ज्याला आज आपण आदिनिवास म्हणतो, ते उभे करण्याची जबाबदारी मीराबेनवर पडली. सोबतीला बलवंतसिंह हे आश्रमवासी आणि गावातली माणसे.

इथे थोडे थांबू या. विचार करा, एका इंग्रज अधिकाऱ्याच्या लेकीला घर आखायला सांगितले आहे. तिने लहानपणापासून पाहिलेली घरे विटांची आणि दगडांची, थंडीत शेकोटीची ऊब आत कोंडून धरणारी. आणि घर बांधायचे ते वर्ध्याच्या वैशाखात! तिने आपल्या देशातल्या घराची नक्कल केली असती तर आतली माणसे भाजून निघाली असती. बरे, पैशाची मर्यादा अशी की बाहेरून काही आणण्याची सोयच नाही. तेव्हा माती गावची, लाकूड आणि बांबू आसपासचे, छपरावर आपले देशी कवेलू, आणि जमिनीला शेणाचे सारवण.

आदिनिवासानंतर मीराबेन जवळच्या दुसऱ्या एका खेड्यात झोपडी बांधून राहिल्या. पण तब्येत साथ देईना. त्याच वर्षी त्यांना विषमज्वर झाला, आणि त्या सेगावला परत आल्या. मग तिथे त्यांनी स्वतःसाठी एक छोटी झोपडी बांधली. आदिनिवासात माणसांची गर्दी वाढली तेव्हा गांधीजी त्या झोपडीत राहायला गेले. तीच बापू कुटी. पुढे गरजेप्रमाणे तिला काही भाग जोडले गेले. स्वतःसाठी मनापासून आखलेले घर दुसऱ्याच्या हाती सोपवायचे, हेही रचनाकाराच्या नशिबी असते!

आता त्या झोपडीकडे जरा विद्यार्थ्याच्या नजरेने पाहा. भिंती मातीच्या. जाड मातीची भिंत ऊन चटकन आत येऊ देत नाही. दुपारचा ताव भिंतीतच जिरतो. वर कवेलूंचे उतरते छप्पर. कवेलूंच्या फटींतून कोंडलेली गरम हवा निघून जाते. छपराची पाखे भिंतीच्या पुढे आलेली, म्हणून मृगाच्या सरी थेट मातीवर आपटत नाहीत, आणि त्याच पाख्यांखाली पडवीला सावली मिळते. आत खुर्ची-टेबलाचा थाट नाही. सगळी मांडणी जमिनीवर बसून काम करणाऱ्या माणसाच्या बेताची. यातली एकही गोष्ट मीराबेनने शोधून काढलेली नाही. आपले शेतकरी, सुतार, बुरड आणि सारवणाऱ्या बाया हे सगळे पिढ्यान् पिढ्या जाणत होते. मग मीराबेनने केले काय?

त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे जागेची वाटणी. त्या एवढ्याशा झोपडीत प्रत्येक कामाला त्याची जागा आहे. येणाऱ्याने पायतण कुठे काढावे, भेटायला आलेल्याने कुठे टेकावे, बापूंनी कुठे बसून लिहावे, आजाऱ्याने कुठे निजावे, पाहुण्याची सोय कुठे, आणि नहाणीघर कुठे. जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच हे मोठे विचारवंत सेवाग्रामला आले होते. या कुटीत बसून त्यांनी अशा सात जागा मोजल्या, आणि तेथील परिषदेतल्या भाषणात त्यावरच ते बोलले. माणसाला घर किती लागते आणि सामान किती लागते, हे दोन प्रश्न निराळे आहेत, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ होता. चाळीस वर्षांपूर्वी एका परदेशी बाईने आखलेले काम दुसरा परदेशी माणूस पाहतो आणि त्यातून जगाला सांगण्यासारखे काही उचलतो, ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे भिंतीवरची नक्षी. मातीलाच उठाव देऊन तिथे ताडाची झाडे आहेत, मोर आहे, ॐ आहे, चरखा आहे. ती नक्षी मीराबेनच्या हातची. हिच्यासाठी ना रंग विकत आणावा लागला, ना कापड. चूल, ओटा, धान्याची कोठी लिंपताना आपल्याकडच्या बायकांचा हात जसा मातीवर फिरतो, तसाच हात इथे फिरलेला आहे. चित्रे कोणती काढली, तेही पाहा. बाईंच्या मनात बेथोवेन होता, आजोळची झाडे होती. पण भिंतीवर आला तो आपल्या शिवारात केका करणारा मोर, आणि त्या काळी ज्याच्या रसाचा गूळ करण्याचे प्रयोग इथे चालले होते तो ताड. मात्र पुष्कळ भिंत मोकळी सोडून थोडक्या रेषांत चित्र बसवण्याचा जो संयम तिथे दिसतो, तो मला त्यांचा स्वतःचा वाटतो. संगीत ऐकणाऱ्याला दोन सुरांमधल्या शांततेची किंमत कळते. ती जाण त्यांनी सोबत आणली असावी.

म्हणजे सामान इथले, कारागिरी इथली, गरज इथली. आणि नजर बाहेरून आलेली. परक्या मुलखात रचनेचे काम सापडते ते असे.

तुम्ही म्हणाल, "सर, ही आश्रमाची गोष्ट झाली. तिथे पगाराचा प्रश्न कुठे होता? आमच्या पोराला तर महिन्याच्या महिन्याला भाडे भरायचे आहे." शंका रास्त आहे. म्हणून आता त्याच काळातल्या मुंबईत चलू या.

१९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. त्याच वर्षी रुडॉल्फ फॉन लायडन नावाचा तरुण बर्लिन सोडून मुंबईला आपल्या भावाकडे आला. शिक्षण भूगर्भशास्त्राचे, तेही डॉक्टरेटपर्यंतचे. पण मुंबईत त्याला त्या विद्येचा उपयोग झाला नाही. हातात चित्रकला होती. मुंबईत तेव्हा कापडापासून साबणापर्यंत सगळ्या मालाच्या जाहिराती वाढत होत्या, आणि त्या रेखाटायला माणसे हवी होती. लायडनने तो धंदा धरला. पुढे 'डेनली' या नावाने व्यंगचित्रे काढली आणि वर्तमानपत्रांतून चित्रकलेवर लिहिले. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा वॉल्टर लँगहॅमर हे व्हिएन्नातले चित्रकार ज्यू पत्नीसह निघाले आणि मुंबईला आले. टाइम्स ऑफ इंडियात त्यांना कलासंचालकाचे काम मिळाले.

यांची वाटही सरळ नव्हती. १९३९ ला महायुद्ध पेटताच जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुषांना शत्रूदेशाचे नागरिक म्हणून अहमदनगरला स्थानबद्ध करण्यात आले. हिटलरपासून पळून आलेल्या निर्वासितांनाही सरकारने सुरुवातीला त्याच मापाने मोजले! एका देशाला आपण नको, आणि दुसऱ्या देशाला आपला भरवसा नाही, अशी त्यांची गत झाली.

तरी या दोघांनी मुंबईला दिले ते पुष्कळ. लँगहॅमरांच्या घरी तरुण चित्रकार जमत, आपली चित्रे दाखवत आणि त्यांचे बोलणे ऐकत. १९४७ साली मुंबईत जो प्रोग्रेसिव्ह कलावंतांचा गट निघाला, त्यातल्या कित्येकांना या परदेशी माणसांचा आधार होता. त्या गटात सूझा, आरा, हुसेन, बाकरे होते. शिवाय आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडे होते, आणि नागपूरच्या चित्रशाळेत शिकलेले सय्यद हैदर रझाही होते. लायडनने तर पुढे गंजिफांचा अभ्यास केला. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, आपल्या सावंतवाडीला आजही होतात ते. ज्या मुलखाने पोटाला दिले, त्या मुलखातली अशी एक जुनी कला त्याने वर्षानुवर्षे धुंडाळली आणि तिच्यावर पुस्तक लिहिले.

आता उलट दिशेचे एक उदाहरण देतो, कारण आपली पोरे जाणार आहेत ती बाहेर. वर ज्यांचे नाव घेतले ते रझा मूळ मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्याचे. १९३९ ते १९४३ ते नागपूरला शिकले. मग मुंबईला गेले. तिथे छपाईचे ठसे करणाऱ्या एका कारखान्यात चित्रे आखण्याची नोकरी केली आणि जे. जे. मध्ये शिक्षणही घेतले. १९५० साली फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते पॅरिसला गेले. १९५६ मध्ये तिथल्या समीक्षकांचा मानाचा पुरस्कार त्यांना मिळाला. पुढली कित्येक वर्षे ते फ्रान्समध्येच राहिले. पण ज्या चित्रांमुळे सारे जग त्यांना ओळखू लागले, ती चित्रे कशाची? बिंदूची. लहानपणी खेड्यातल्या शाळेत या पोराचे लक्ष ठिकाणावर राहीना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे पाहत बसायला सांगितले. तो ठिपका पॅरिसमध्ये वर्षानुवर्षांनी वर आला. शिक्षक मंडळी, तुम्ही फळ्यावर काढता ती खूण कुणाबरोबर किती दूर जाईल, याचा नेम नसतो.

या साऱ्यांतून काय घ्यायचे? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी.

पहिली, नव्या मुलखात गेल्याबरोबर आपलेच घोडे पुढे दामटू नये. मीराबेनने दहा वर्षे झाडू आणि चरखा हाती धरला, तेव्हा कुठे त्यांना घर आखता आले. प्रत्येकाला दहा वर्षे लागतील असे नाही. पण तिथली माणसे कशी राहतात, हे कळेपर्यंत हाताला मिळेल ते काम करण्यात कमीपणा नाही.

दुसरी, त्या ठिकाणी कशाची वाण आहे ते पाहावे. लायडनची पदवी भूगर्भशास्त्राची, पण मुंबईला गरज होती जाहिराती रेखाटणाऱ्याची. त्याने आपली पदवी कवटाळून धरली नाही.

तिसरी, घरून नेलेली शिदोरी टाकून देऊ नये. रझांचा ठिपका त्यांच्याबरोबरच होता, तो योग्य वेळी कामी आला.

आणि एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. मीराबेन राज्यकर्त्यांच्या जातीच्या होत्या. मुंबईतले ते दोघे युरोपीय होते, आणि मुंबईत त्या काळी गोऱ्या कातडीला काही दारे आपोआप उघडत. आपले पोर लंडनला किंवा टोरांटोला जाईल तेव्हा ती दारे त्याच्यासाठी तशी उघडतीलच असे नाही. त्याला दुप्पट धीर धरावा लागेल. बापाचा प्रश्न म्हणूनच खरा आहे. पण त्याचे उत्तर 'जाऊ नको' असे नसून 'शिकून, तयारी करून जा' असे आहे. मीराबेननेही बोटीत बसण्याआधी एक वर्ष तयारी केली होती.

मीराबेन १९५९ साली हिंदुस्थान सोडून गेल्या. त्याआधी ऋषिकेशकडे, हिमालयाच्या कुशीत, काश्मिरात असे त्यांचे काम चालू राहिले. शेवटची वर्षे त्यांनी ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ, आपल्या बेथोवेनच्या मुलखात काढली. १९८१ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले, आणि २० जुलै १९८२ रोजी त्या गेल्या.

त्यांची झोपडी मात्र सेवाग्रामला आहे. मातीचे घर एकदा बांधून सोडून देता येत नाही. त्याला सारवावे लागते, पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागतात, खचलेली जागा लिंपावी लागते. एका परदेशी बाईने आखलेले ते घर आजवर उभे आहे, ते दरवर्षी इथल्या हातांनी राखले म्हणून.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती करतो. पुढच्या सहलीला मुलांना सेवाग्रामला न्याल, तेव्हा नुसते नमस्कार करून परत आणू नका. सोबत वही द्या. पडवी किती पावलांची आहे ते मोजायला लावा. पाखे भिंतीच्या किती पुढे आले आहेत, खिडकी जमिनीपासून किती उंच आहे, मोराला किती रेषा लागल्या, हे टिपायला सांगा. परत आल्यावर आपल्याच गावातल्या एखाद्या जुन्या घराची तशीच टिपणे करायला लावा, आणि गावच्या बुरडाला किंवा सुताराला एक दिवस वर्गात बोलवा. त्यांतले एखादे पोर उद्या परदेशी गेले, तर तिथले घर, तिथली भिंत, तिथला माणूस कसा पाहायचा, हे त्याला इथूनच ठाऊक झालेले असेल.